मोटोरोला रेझर व्ही३ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या वस्तूंच्या खणातून एखादा चंदेरी, पातळ, मिटवता येणारा फोन हाती लागला की त्याविषयीचे प्रश्न बहुधा तेच असतात: हा अजून चालेल का, याचा कॅमेरा खरोखर इतका साधा होता का, आणि मग त्या काळी लोक याच्यामागे एवढे वेडे का झाले होते. पुढील उत्तरे मुख्यतः मूळ व्ही३ या जीएसएम, म्हणजे सिमकार्डावर चालणाऱ्या जाळ्याच्या फोनला लागू आहेत. त्याची भावंडे जिथे वेगळी पडतात तिथे तसा उल्लेख केला आहे.

हा फोन नेमका केव्हाचा?

मोटोरोला या अमेरिकी कंपनीने रेझर व्ही३ ची घोषणा जुलै २००४ मध्ये केली आणि वर्ष संपण्यापूर्वी तो बाजारात आला. मिटवता येणारे फोन या कंपनीला नवे नव्हते, कारण १९९६ सालचा तिचा स्टारटॅक हाच शिंपल्यासारख्या उघडमिटीच्या फोनांचा आद्य नमुना मानला जातो. मात्र २००४ पर्यंत अशा फोनांना एक ठोकळेबाज रूप आले होते. दोन भाग एकमेकांवर मिटवायचे म्हटले की जाडी दुप्पट होणारच, असे गृहीत धरले जात होते. व्ही३ ने हेच गृहीतक मोडले. मिटवलेल्या अवस्थेत तो ९८ मिलिमीटर लांब, ५३ मिलिमीटर रुंद आणि केवळ १३.९ मिलिमीटर जाड होता, आणि त्याचे वजन ९५ ग्रॅम होते.

‘रेझर’ हे नाव कशावरून?

दाढी करण्याच्या वस्तऱ्याला इंग्रजीत जो शब्द आहे तोच हा, फक्त त्यातील एक स्वर गाळून चार अक्षरांत बसवलेला. पुढे कंपनीने स्लिव्हर, पेबल, रॉकर, क्रेझर अशा नावांची रांगच लावली आणि प्रत्येक वेळी अक्षरांची अशीच काटछाट केली. पहिल्या नावात जी गंमत होती ती पाचव्या नावापर्यंत उरली नाही, हे मान्य करावे लागते.

मिटवण्याचा फोन असूनही तो इतका पातळ कसा करता आला?

या फोनविषयी सांगण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, कारण त्याचे बाकीचे जवळजवळ सर्व गुणदोष या एका हट्टातून निघाले आहेत. शिकागोजवळच्या लिबर्टीव्हिल येथे अभियंत्यांच्या एका छोट्या गटाने हे काम कंपनीतल्या इतरांपासूनही बरेचसे गुप्त ठेवून केले. अभियांत्रिकीची धुरा रॉजर जेलिको यांच्याकडे होती. त्यांच्या गटाने केलेले दोन बदल निर्णायक ठरले.

पहिला बदल बॅटरीच्या जागेचा. तोवर बॅटरी साधारणपणे मुख्य इलेक्ट्रॉनिक पट्टीच्या पाठीशी बसवली जाई, म्हणजे जाडीत दोन थर व्हायचे. या गटाने बॅटरी पट्टीखाली न ठेवता तिच्या शेजारी मांडली. दुसरा बदल अँटेनाचा. ती वरच्या टोकाला न ठेवता खाली, बोलण्याच्या बाजूला, मायक्रोफोनजवळ नेली. फोनच्या खालच्या कडेला हनुवटीसारखा जो उंचवटा दिसतो तो शोभेसाठी नाही. अँटेनाला लागणारी जागा त्याच्या पोटात आहे, आणि मिटवल्यावर वरची झडप बरोबर त्या उंचवट्यापाशी येऊन टेकते. त्यामुळे झडप पातळ राहते आणि मिटलेला फोन एकसंध दिसतो.

याची किंमत रुंदीत मोजावी लागली. माणसाच्या मुठीत ४९ मिलिमीटरपेक्षा रुंद फोन नीट बसत नाही, असे कंपनीच्याच तज्ज्ञांचे मत होते. शेजारी-शेजारी मांडणी केल्यावर फोन ५३ मिलिमीटरचा झाला. गटाने तो हातात धरून पाहिला, नियम बाजूला ठेवला आणि पुढे गेला. आजचे फोन ७० मिलिमीटरपेक्षाही रुंद असतात हे लक्षात घेतले तर त्या चार मिलिमीटरवरून झालेला खल आज विचित्र वाटेल, पण तेव्हा तो धाडसाचा निर्णय होता.

कळफलक इतर फोनांसारखा का वाटत नाही?

कारण त्यात सुट्या कळा नाहीतच. धातूचा एकच पातळ पत्रा घेऊन त्यावर रासायनिक प्रक्रियेने अंक आणि कळांमधल्या रेघा कोरल्या आहेत. रबरी किंवा प्लास्टिकच्या कळांना वर-खाली होण्यासाठी जी उंची लागते ती अशा पत्र्याला लागत नाही, म्हणून इथेही जाडी वाचली.

त्यामागचा निळा उजेड हा स्वतंत्र विषय आहे. सामान्य फोनमध्ये कळांखाली बारीक दिवे असतात आणि त्यांचा उजेड सगळीकडे सारखा पसरावा म्हणून दिवा आणि कळ यांत थोडे अंतर ठेवावे लागते. व्ही३ मध्ये मात्र विद्युतदाब मिळताच संपूर्ण पृष्ठभागाने प्रकाशणारा एक पातळ थर वापरला आहे. त्यामुळे अंधारात फोन उघडला की एखादी कळ उजळ, एखादी मंद असा प्रकार होत नाही. सगळ्या रेघा एका वेळी, एकाच निळ्या छटेत उमटतात. हा फोन हाती घेतलेल्या बहुतेकांना कॅमेरा आठवत नाही, हा उजेड आठवतो. उणीव एकच: कळा सपाट असल्यामुळे न पाहता, केवळ बोटांच्या स्पर्शावर संदेश टंकण्याची ज्यांना सवय होती त्यांना तो सुरुवातीला अवघड जात असे.

कॅमेरा किती क्षमतेचा आहे?

६४० गुणिले ४८० पिक्सेलचा, म्हणजे एकूण ३,०७,२०० पिक्सेलचा. यालाच ०.३ मेगापिक्सेल म्हणतात. फ्लॅश नाही आणि अंतरानुसार भिंग जुळवण्याची सोयही नाही.

हा कॅमेरा त्याच्या काळातही साधाच होता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याच वर्षी नोकियाचा ७६१० हा एक मेगापिक्सेलचा फोन आला होता आणि सोनी एरिक्सनने १.३ मेगापिक्सेलपर्यंत मजल मारली होती. त्यामुळे ‘त्या काळी सगळेच कॅमेरे असे होते’ हा बचाव व्ही३ साठी खरा नाही. भिंग बसवले होते ते झडपेच्या वरच्या भागात, बाहेरच्या छोट्या पडद्याजवळ, म्हणजे फोनच्या सर्वांत पातळ भागात. भिंगाला स्वतःची खोली लागते, आणि झडप जाड न करता जेवढा कॅमेरा मावला तेवढाच त्यांनी घेतला. गिऱ्हाइकानेही तो सौदा आनंदाने पत्करला, ही यातली खरी नवलाची गोष्ट.

फोनच्या पडद्यावर छान दिसणारी छायाचित्रे संगणकावर इतकी फिकी आणि बारीक का दिसतात?

फोनचा आतला पडदा १७६ गुणिले २२० पिक्सेलचा आहे. आडवे छायाचित्र त्यावर दाखवताना ६४० पिक्सेलची रुंदी १७६ मध्ये बसवावी लागते. म्हणजे चित्र जवळपास साडेतीन पटींनी आक्रसते, आणि आक्रसताना त्यातील खरखर, धूसरपणा, कडांवरचे दोष झाकले जातात. शिवाय तो पडदा त्या काळाच्या मानाने झळझळीत होता. तेच चित्र आजच्या १९२० गुणिले १०८० पिक्सेलच्या पडद्यावर मूळ आकारात उघडले तर ते एकूण जागेच्या सुमारे सातव्या हिश्शात मावते, आणि ताणून मोठे केले तर जे मुळात टिपलेच गेले नाही ते कुठून येणार?

छापायचे असल्यास हिशेब सोपा आहे. दर इंचाला ३०० ठिपके धरले तर छायाचित्र साधारण साडेपाच सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर उंच येते. अल्बमच्या कोपऱ्यात चिकटवण्यापुरते ते पुरेसे आहे. भिंतीवर टांगण्याचा आग्रह धरू नये.

झूम वापरावा का?

नाही. चार पटींचा झूम आहे खरा, पण तो भिंग हलवून साधलेला नाही. चौकटीचा मधला भाग कापून तो मोठा केला जातो. पूर्ण झूममध्ये खरी माहिती १६० गुणिले १२० पिक्सेलचीच उरते. त्यापेक्षा दोन पावले पुढे जावे.

मग चांगले छायाचित्र निघावे यासाठी काय करावे?

उजेड पाठीशी घ्यावा, माणसे दोन-तीन पावलांच्या अंतरावर ठेवावीत आणि कळ दाबताना श्वास रोखावा. फोन उघडल्यावर भिंग बिजागरीच्या जवळ येते आणि पकडही बरेचदा तिथेच घेतली जाते. त्यामुळे या फोनच्या जुन्या छायाचित्रांत कोपऱ्यात बोटाची गुलाबी सावली हमखास सापडते. फोन खालच्या भागाला धरला तर ती टळते.

बाहेरचा छोटा पडदा कशासाठी आहे?

फोन न उघडता वेळ, सिग्नल, बॅटरी आणि मुख्य म्हणजे कोणाचा फोन येत आहे हे पाहण्यासाठी. तो ९६ गुणिले ८० पिक्सेलचा, रंगीत आहे. नाव पाहायचे, झडप उघडून बोलायचे आणि बोलणे संपले की एका हाताने ती खटकन मिटायची, हा सगळा आविर्भाव या फोनच्या आकर्षणाचा मोठा भाग होता. तांत्रिक माहितीच्या तक्त्यात तो लिहिता येत नाही. राग आल्यावर फोन बंद करण्याचे समाधान आजच्या काचेच्या फोनवर बोट टेकवून मिळत नाही, अशी तक्रार अजूनही ऐकू येते, आणि ती निराधार नाही.

यात किती गाणी आणि छायाचित्रे मावतात?

वापरण्याजोगी साठवण साधारण पाच मेगाबाइटची आहे आणि मूळ व्ही३ मध्ये मेमरी कार्डाची खाचच नाही. त्या काळच्या प्रचलित दर्जाचे चार मिनिटांचे एमपी३ गाणे जवळपास चार मेगाबाइट घेते. म्हणजे एक गाणे ठेवले तर छायाचित्रांसाठी फारशी जागा उरत नाही. म्हणून बहुतेक लोक पूर्ण गाण्याऐवजी त्याचा वीस-पंचवीस सेकंदांचा तुकडा कापून रिंगटोन म्हणून वापरीत. संपर्कयादीत मात्र १,००० नोंदी बसतात.

ब्लूटूथ आहे का? हेडफोन कुठे लावायचा?

ब्लूटूथ आहे, त्यावरून बिनतारी हेडसेट जोडता येतो आणि छायाचित्रे दुसऱ्या उपकरणावर पाठवता येतात. हेडफोनसाठी वेगळे गोल छिद्र नाही. चार्जिंग, संगणकाशी जोडणी आणि तारेचा हेडसेट या तिन्हींसाठी एकच मिनी-यूएसबी खाच आहे, त्यामुळे चार्जिंग चालू असताना तारेच्या हेडसेटवर बोलता येत नाही. एकाच खाचेत सगळे बसवण्याची ही रीत पुढे साऱ्या मोबाइल उद्योगाने उचलली, आणि तिच्याबरोबर ही गैरसोयही.

मिनी-यूएसबीचा चार्जर लावला तरी फोन चार्ज होत नाही. तो बिघडला आहे का?

बिघडलाच असेल असे नाही. व्ही३ कोणताही चार्जर निमूटपणे स्वीकारत नाही. खाचेचा आकार जुळला तरी समोरचा चार्जर ओळखीचा नसेल तर तो चार्जिंग शक्य नसल्याचा संदेश दाखवतो. संगणकाला जोडल्यावरही, संगणकात या फोनचे ड्रायव्हर (संगणकाला फोनची ओळख करून देणारे सॉफ्टवेअर) बसवलेले नसतील तर तो अनेकदा अडून बसतो. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर अडचण आणखी वाढते. म्हणून आधी मोटोरोलाचा त्या काळचा मूळ चार्जर मिळवून पाहावा.

त्यानंतर बॅटरीकडे वळावे. बीआर५० या नावाची ती बॅटरी ७०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासची, आजच्या मानाने अगदी लहान आहे. वीस वर्षे पडून राहिलेली लिथियम बॅटरी बहुधा निकामी झालेली असते. मागचे झाकण जरासे वर आलेले दिसले तर बॅटरी फुगली आहे असे समजावे, ती चार्ज करण्याचा प्रयत्न करू नये, टोचू किंवा दाबू नये आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी. सुदैवाने हा फोन पाठीमागचे झाकण काढून नखाने बॅटरी बदलता येण्याच्या काळातला आहे.

व्ही३आय, व्ही३एक्स, व्ही३सी यांत फरक काय?

व्ही३आय दिसायला जवळजवळ तसाच, पण त्यात १.२३ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि बोटाच्या नखाएवढ्या मेमरी कार्डाची सोय आली. त्याच्या काही आवृत्त्यांत गाणी वाजवण्याचे ॲपलचे आयट्यून्स हे सॉफ्टवेअर होते आणि त्यावर शंभर गाण्यांची मर्यादा होती. ज्याला रेझर हौसेने वापरायचा आहे त्याने, माझ्या मते, व्ही३आय शोधावा. व्ही३एक्स हा थ्रीजीचा, दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा आणि अर्थातच जाड झालेला भाऊ. व्ही३सी आणि व्ही३एम हे सीडीएमए या वेगळ्या जाळ्याच्या प्रकारचे असून त्यांत सिमकार्ड बसत नाही. भारतातील सीडीएमए सेवा केव्हाच बंद झाल्यामुळे ते इथे केवळ शोभेचे आहेत, म्हणून विकत घेण्यापूर्वी नावापुढचे शेवटचे अक्षर नीट वाचावे.

चंदेरी, काळा आणि गुलाबी हे रंग सर्वांत गाजले. गुलाबी रंगाने तर फोन ही अंगावर मिरवण्याची वस्तू आहे हे उघडपणे मान्य केले.

तो किती महाग होता आणि किती खपला?

अमेरिकेत सिंग्युलर या मोबाइल सेवा कंपनीच्या दोन वर्षांच्या करारासह त्याची सुरुवातीची किंमत ४९९ डॉलर होती. कराराशिवाय नव्हे, करारासह. कंपनीनेही तो मोजक्या श्रीमंत गिऱ्हाइकांसाठीच योजला होता. पुढे किंमत झपाट्याने उतरत गेली आणि खप त्याहून झपाट्याने चढला. सुमारे चार वर्षांत या मालिकेचे १३ कोटींहून अधिक फोन विकले गेले आणि मिटवण्याच्या फोनांत इतका खप दुसऱ्या कोणत्याही फोनला साधला नाही. अमेरिकेतील ग्राहकांच्या खरेदीत तो सलग तीन वर्षे पहिला होता, आणि २००८ मध्ये त्याला त्या जागेवरून आयफोनने हटवले.

एवढे यश मिळूनही कंपनी मागे का पडली?

याचे एकच कारण देणे धाडसाचे ठरेल, पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. व्ही३ नंतर कंपनीने नवे रंग, नवी नावे, नव्या आवृत्त्या काढल्या, परंतु आतला कारभार, म्हणजे मेनूंची क्लिष्ट मांडणी आणि संथ सॉफ्टवेअर, बराचसा तसाच राहिला. रेझर २ येईपर्यंत २००७ साल उजाडले होते, आणि त्याच वर्षी पहिला आयफोनही आला. पुढे २०११ मध्ये मोबाइलचा व्यवसाय मोटोरोला मोबिलिटी या नावाने वेगळा झाला, २०१२ मध्ये तो गूगलकडे गेला आणि २०१४ मध्ये लेनोव्होकडे.

आज महाराष्ट्रात हा फोन चालेल का?

बोलण्यापुरता आणि साध्या संदेशांपुरता चालू शकतो. व्ही३ हा ८५०, ९००, १८०० आणि १९०० मेगाहर्ट्झ अशा चारही जीएसएम लहरींवर चालतो आणि भारतातील टूजी सेवा ९०० आणि १८०० वर आहे. एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) यांचे टूजी जाळे हे लिहीपर्यंत चालू आहे. जिओचे सिम मात्र यात निरुपयोगी आहे, कारण त्या कंपनीने सुरुवातच फोरजीपासून केली आणि टूजी सेवा तिच्याकडे कधीच नव्हती. आजचे नखाएवढे सिम या फोनच्या मोठ्या खाचेत बसवण्यासाठी प्लास्टिकचा अडॅप्टर लागतो. तो कोणत्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. खाच बॅटरीच्या खाली आहे.

बँकेचा ओटीपी साध्या संदेशाने येत असल्यामुळे तो यावर वाचता येतो. इंटरनेटची अपेक्षा ठेवू नये. फोनमध्ये जीपीआरएस (टूजीवरची संथ इंटरनेट सोय) आणि जुना ब्राउझर आहे, पण आजच्या संकेतस्थळांची सुरक्षाव्यवस्था त्याला कळत नाही आणि पाने उघडत नाहीत. अमेरिकेतील नातेवाइकांकडून आलेला फोन तिथल्या मोबाइल सेवा कंपनीच्या जाळ्यालाच बांधलेला असू शकतो. तसे असल्यास दुसरे सिम घातल्यावर तो संकेतांक मागतो.

मराठीत आलेले संदेश वाचता येतील का?

ते त्या फोनमध्ये कोणता भाषासंच भरला आहे यावर अवलंबून आहे. देवनागरीची अक्षरे त्यात नसतील तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील. संदेश पोचलेला असतो, फक्त त्याचे रूप उमटत नाही. रोमन लिपीतील संदेशात १६० अक्षरे मावतात आणि देवनागरीत ७०, हा फरक मात्र फोनचा नसून संदेशयंत्रणेचाच आहे.

जुना व्ही३ विकत घेताना काय पाहावे?

सर्वप्रथम झडप दहा-बारा वेळा उघडून-मिटून पाहावी. आतल्या पडद्याला खालच्या भागाशी जोडणारी लवचीक पट्टी बिजागरीतून जाते, आणि वर्षानुवर्षांच्या उघडमिटीने ती झिजते. विशिष्ट कोनात पडदा पांढरा पडत असेल किंवा लुकलुकत असेल तर पट्टीचे आयुष्य संपत आले आहे. त्यानंतर *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक) आणि बॅटरीखालच्या चिठ्ठीवरचा क्रमांक जुळतो का ते तपासावे. न जुळल्यास आतला भाग एका फोनचा आणि कवच दुसऱ्याचे असण्याची शक्यता मोठी. या फोनच्या नकला आणि बदललेली कवचे भरपूर फिरत होती. खऱ्या कवचाचा ॲल्युमिनियम हाताला गार लागतो आणि कळफलक टिचकी मारल्यावर धातूसारखा वाजतो. अगदी कोऱ्या करकरीत दिसणाऱ्या नमुन्याकडे म्हणूनच थोड्या संशयाने पाहावे. खऱ्याच्या कडा वापराने घासलेल्या असतात.

अलीकडे आलेला घडीचा रेझर हाच का?

नाव आणि उघडमिटीची कल्पना तीच, बाकी सर्व वेगळे. नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या त्या फोनमध्ये मधोमध दुमडणारा एकच पडदा आहे आणि तो अँड्रॉइडवर चालतो. हनुवटीचा उंचवटा मात्र त्यानेही हौसेने जपला.

फोन कायमचा बंद पडण्यापूर्वी त्यातील छायाचित्रे आणि क्रमांक कसे काढून घ्यावेत?

छायाचित्रांसाठी ब्लूटूथ हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आहे. ब्लूटूथ असलेल्या संगणकाशी किंवा अँड्रॉइड फोनशी जोडी जमवावी आणि छायाचित्रे एकेक करून पाठवावीत. एक छायाचित्र काही सेकंदांत जाते. कंपनीने त्या काळी दिलेले संगणकावरचे सॉफ्टवेअर आजच्या संगणकांवर चालवण्याच्या खटपटीत पडू नये. क्रमांक सिमकार्डावर नकलून घेता येतात, पण सिमकार्डावर एका नोंदीत एकच क्रमांक राहतो आणि लांब नावे मध्येच तुटतात. त्यामुळे ज्यांच्या नावापुढे घरचा, कार्यालयाचा आणि मोबाइलचा असे तीन-तीन क्रमांक आहेत, त्यांच्या नोंदी वहीत उतरवून घेणेच बरे.